माझ्या मापाची स्प्रिंग

आमच्या कुराबिन गावात माणसाचं वय विचारायला लोक लाजतात, वजन विचारायला मुळीच नाही. त्यात त्यांचा तरी काय दोष? पिढ्यान्‌पिढ्या मेंढ्या विकून जगलेलं गाव हे. समोर चार पायांचं किंवा दोन पायांचं काहीही आलं की नजर आधी पाठीवरून फिरते, मग पुठ्ठ्यांवरून, आणि मनातल्या मनात किलोचे आकडे पडतात. माझ्या लग्नात पाद्रीबुवांनी "या विवाहास कोणाची हरकत आहे काय?" असं विचारलं, तेव्हा मागच्या बाकावरून एक आवाज आला, "नव्वद!" ती हरकत नव्हती, अंदाज होता. आणि बरोबर होता.

त्या नव्वदावर पुढं माझ्या बायकोच्या, मर्लच्या हातच्या रविवारच्या भाजलेल्या मटणाने आणि त्यावरच्या ग्रेव्हीने काय काय चढवलं, ते मी सांगणार नाही. गोष्ट त्याचीच आहे, तेव्हा ते आपोआप कळेल.

तर दरवर्षी ऑक्टोबरात आमच्याकडे शेतकी प्रदर्शन भरतं आणि त्यात जुन्या मोटारसायकलींची मिरवणूक निघते. त्या मिरवणुकीच्या पुढे माझी लाल गाडी असते. कधीपासून, ते विचारू नका. जेव्हापासून मिरवणूक आहे तेव्हापासून. एरवी गावात मला कोणी फारसं विचारत नाही, पण त्या दिवशी मी हात वर केल्याशिवाय चाळीस गाड्यांचं एक चाक हलत नाही. माणसाला जगायला आणखी काय लागतं?

मैदानाच्या फाटकाशी जमिनीखालून पाण्याचा मोठा पाइप गेलाय, त्याचा एक उंचवटा आहे. गेल्या वर्षी माझी गाडी तो उंचवटा चढली, उतरली आणि मागून बसली. बसली म्हणजे अशी बसली की उठेचना. मागचे दोन्ही शॉकअप तळाला टेकले, टायर मडगार्डला घासायला लागलं आणि जत्रेत हरवलेल्या रेड्यासारखा आवाज काढत, निळा धूर सोडत मी मैदानात शिरलो. आता आमचं अग्निशमन दल म्हणजे गावातलीच हौशी मंडळी. प्रदर्शनात काहीतरी पेटावं म्हणून बिचारी वर्षानुवर्षं बंबाशी उभी राहून सँडविच खात होती. धूर दिसल्याबरोबर त्यांनी नळी सोडली. मिरवणुकीची उरलेली फेरी मी नखशिखांत भिजून पुरी केली. हात मात्र खाली घेतला नाही.

यंदा प्रदर्शन कमिटीच्या अध्यक्षीणबाई, थेल्मा वॉरबर्टन, दारात येऊन उभ्या राहिल्या. थेल्माबाई बोलायला लागल्या की कुत्रीसुद्धा शेपूट आवरून बसतात.

"क्लॅरी, स्पष्टच सांगते. उंचवट्यावरून गाडी न टेकवता नेलीस तर मिरवणूक तुझी. टेकली, तर पुढच्या वर्षापासून पुढे लिंडसे."

"कोणता लिंडसे?" मी विचारलं. गावात एकच आहे, पण धक्का बसला की माणूस असं काहीतरी विचारतो.

"तुझ्या कुंपणापलीकडचा. तो बघ, ऐकतोय."

लिंडसे फायफर खरंच कुंपणावर हनुवटी टेकवून ऐकत होता. माझा तीस वर्षांचा शेजारी आणि दोस्त. अंगाने कुंपणाच्या खांबासारखा. वाऱ्यात दोघांतला कोणता हलतोय ते बघून ओळखायचं. "मी मागितलेलं नाही हं, क्लॅरी," तो म्हणाला, "पण तुझ्या तब्येतीचा विचार केला तर तू मधे कुठेतरी राहिलेला बरा. सावलीत."

सावलीत! त्याच दिवशी मी ठरवलं, गाडीला नव्या स्प्रिंगा घालायच्या.

आता तुम्ही म्हणाल, स्प्रिंगा घालायच्या तर घालाव्यात, त्यात काय सांगायचं? पण कुराबिनमध्ये दुकानातून नवी वस्तू आणणं हा शेवटचा उपाय समजतात. त्याआधी प्रत्येकाच्या शेडमागचा भंगाराचा ढीग धुंडाळायचा, तारेने बांधता येतंय का बघायचं आणि गावाचा सल्ला घ्यायचा. आमच्या मुलखात खरोखरीचे रानटी उंट आहेत, त्यामुळे उंटावरच्या शहाण्यांचीही कधी टंचाई पडत नाही. एकाने सांगितलं, टायरात हवा जास्त भर. एकाने सांगितलं, पोटात कमी भर. लिंडसे म्हणाला, "शॉकअपची ती खालची कॉलर आवळ ना, स्प्रिंग घट्ट होते."

गॅरेजवाला डार्को हे ऐकून खो खो हसला. डार्कोचं तोंड बंदच होत नाही. इंजिन उघडण्याआधी तो स्वतः उघडतो. "कॉलर आवळून गाडी नुसती उंच होते हो, क्लॅरीकाका! पट्टा आवळल्याने तुमचं पोट कमी झालं का? नुसतं वर सरकलं! ही स्प्रिंग केली होती सत्तर किलोच्या पोरासाठी. तिचा काय गुन्हा? तिच्या अंगातच तेवढी ताकद. तुम्हाला जाड तारेची, तुमच्या मापाची पाहिजे."

"जाड तारेची ना? मग आहे की माझ्याकडे!" लिंडसे म्हणाला आणि त्याच्या शेडमागून जुन्या हार्वेस्टरच्या सीटखालच्या दोन स्प्रिंगा घेऊन आला. मनगटाएवढ्या जाड. सीटवर त्याचे आजोबा बसायचे आणि ते, म्हणे, माझ्याहून मोठे होते. दोन हातोडे, एक कानस आणि माझा एक अंगठा खर्ची घालून आम्ही त्या बसवल्या. गाडी मागून अशी उंच झाली की उभी असतानासुद्धा उतारावर असल्यासारखी वाटे.

पुढचं ज्याला खोटं वाटेल त्याने खुशाल वाटून घ्यावं. मी स्टेशनरोडने निघालो आणि मेंढ्या अडवायला रस्त्यात जी लोखंडी जाळी टाकलेली असते तिच्यावरून गेलो. गाडीने मला उडवलं. किती उंच, ते नक्की सांगता येणार नाही, पण गव्हाच्या तिन्ही कोठ्यांची छपरं मी त्या दिवशी पहिल्यांदा वरून पाहिली. मधल्या छपराला भोक आहे, ते मी नंतर कळवलं आणि त्यांना ते सापडलं. वर गुलाबी काकाकुव्यांचा एक थवा चालला होता. त्यातल्या एका म्हाताऱ्याने माझ्याकडे बघून बाजूला सरकून जागा दिली. वयाचा मान राखणारा पक्षी. खाली आलो तो नेमका गाडीवरच. ती बिचारी तेवढ्यात थोडी पुढं जाऊन माझ्यासाठी मंदावली होती. खाली आल्यावर स्प्रिंगांनी मला पुन्हा उडवलं. असं करत करत मी घरी पोचलो. मर्ल ओट्याशी बटाटे सोलत होती. खिडकीतून मी दिसायचा, मग दिसायचा नाही, मग पुन्हा दिसायचा.

"क्लॅरी," ती म्हणाली, "नीट आत ये नाहीतर नीट बाहेर राहा."

शेवटी अ‍ॅडलेडच्या स्प्रिंगवाल्यांना फोन केला. पलीकडून मधाळ आवाजाची मुलगी बोलली. "वजन किती, सर? कोट, बूट, हेल्मेट, सगळ्यासकट लागेल. वजनाप्रमाणे नंबर असतात ना स्प्रिंगांचे. हलका नंबर दिला तर टेकणार, जड दिला तर उडवणार."

"उडण्याचा अनुभव आहे मला," मी म्हणालो आणि फोन धरून न्हाणीघरातल्या काट्यावर उभा राहिलो. काट्याने आकडा दाखवण्याऐवजी बारीक चीं केलं आणि तो कायमचा बंद पडला. तेव्हा पूर्ण पोशाख चढवून मी निघालो मेंढीबाजारात. तिथं मेंढ्या तोलायचा पिंजरा आहे. भला काटा आहे, कोणाची भीड ठेवत नाही.

पिंजऱ्याचं दार उघडून मी एक पाय आत टाकतोय, तोच मागून आरोळी आली, "थांब, क्लॅरी! दुसरा पाय टाकू नकोस!"

थेल्माबाई धापा टाकत येत होत्या. आता एक सांगायला हवं. प्रदर्शनात दरवर्षी 'वजन ओळखा' म्हणून स्पर्धा असते. गॉर्डन नावाचा बैल दोरीने बांधून ठेवतात, लोक त्याच्याभोवती फिरतात, चिठ्ठीवर आकडा लिहितात, दोन डॉलर टाकतात आणि शेवटी त्याला काट्यावर घालतात. यंदा त्या पैशातून चहाच्या हॉलचं गळकं छप्पर व्हायचं होतं. आणि सकाळीच गॉर्डन कुंपण मोडून, शेजारच्या तालुक्यातल्या गाईंच्या ओढीने, कोणालाही न सांगता निघून गेला होता.

थेल्माबाई माझ्याभोवती एक फेरी मारून आल्या. पाठ बघितली. पुठ्ठे बघितले. त्यांच्या डोळ्यांत जे पाणी आलं ते मी कधी विसरणार नाही.

"क्लॅरी," त्या हळुवारपणे म्हणाल्या, "तू गावासाठी काहीतरी करू शकतोस."

मी ताठ नकार दिला. मग त्यांनी छपराची आठवण करून दिली, मग मिरवणुकीची. मी जरा वाकून होकार दिला. संध्याकाळी फलक लागला: 'पशुविभाग. वजन ओळखा. क्लॅरी ट्रेझाइस.' वरती कोंबड्या, खाली बोकड.

आणि ओघानेच आला नियम. स्पर्धेच्या दिवसापर्यंत क्लॅरीचं वजन कोणालाही कळता कामा नये, क्लॅरीलासुद्धा नाही. औषधाच्या दुकानातल्या काट्यावर पोतं टाकलं. मेंढीबाजाराच्या पिंजऱ्याला कुलूप. गहू-कोठीवरच्या ट्रकच्या काट्याशी मी नुसता चालत गेलो तरी तिथला माणूस केबिनमधून ओरडे, "चालते व्हा, काका! आकडा हलतोय!"

इकडे अ‍ॅडलेडची मुलगी म्हणे, वजन सांगा. प्रदर्शन तर जवळ आलेलं. मी डार्कोकडे धाव घेतली. तो म्हणाला, "वजन कशाला पाहिजे? गाडीच सांगेल. जुन्या स्प्रिंगा परत घालून, मागचं चाक अधांतरी ठेवून चाकापासून सीटपर्यंतचं अंतर मोजायचं, मग तुम्हाला बसवून मोजायचं. शॉकअपला जेवढी चाल आहे तिच्या तिसऱ्या हिश्शाएवढी गाडी खाली जायला हवी. तुमची किती जाते ते बघून नंबर काढतो."

ही बातमी कुंपणापलीकडे पोचायला जेवढा वेळ लागायचा तेवढा लागला आणि लिंडसेने कमिटीची तातडीची बैठक मागितली. गळक्या हॉलमध्ये, बादल्यांच्या मधे मधे खुर्च्या मांडून, जॅम-क्रीमच्या स्कोन्ससह ती पार पडली. मुद्दा असा, की माणूस बसल्यावर गाडी किती खाली जाते हे मोजणं म्हणजे वजन करणं होय काय?

"होय!" लिंडसे म्हणाला. "काट्यात तरी दुसरं काय असतं? स्प्रिंगच ना? हा काट्यावर बसला काय नि गाडीवर बसला काय!"

"मग तो रोज सोफ्यावर बसतो," मर्ल मागून म्हणाली, "त्यात स्प्रिंगा आहेत. सोफा कमिटीने जप्त करायचा का?"

यावर बराच वेळ खल झाला. एका गटाचं म्हणणं, सोफा जप्त करावा. माझ्याकडे कोणीच बघत नव्हतं. म्हणजे बघत होते सगळेच, पण चेहऱ्याकडे नव्हे. अखेर थेल्माबाईंनी टेबलावर चमचा आपटला. ठराव असा झाला, की डार्कोने दार लावून एकट्याने मोजावं, नंबर फक्त अ‍ॅडलेडला कळवावा आणि गावात प्रदर्शन होईस्तोवर क्लॅरी, स्प्रिंग आणि अंक या तीन विषयांवर चकार शब्द काढू नये. त्याला स्पर्धेतूनही बाद केलं.

डार्कोने शब्द पाळला. पण त्या माणसाला गप्प राहणं म्हणजे पाण्याखाली राहणं. तिन्ही विषय बंद झाल्यामुळे तो आपल्या आजोळच्या समुद्रातल्या माशांवर बोलायला लागला. पंक्चर काढायला गेलेली माणसं तासभराने सार्डिन मासे खारवायची रीत शिकून बाहेर पडू लागली.

आणि पार्सल आलं! आमचं पोस्ट म्हणजे किराणा दुकानातली एक खिडकी. आत जागा नव्हती म्हणून दुकानदारीणबाईंनी खोका रस्त्यावरच्या शोकेसमध्ये ठेवला, चहाचे डबे आणि पाव यांच्या मधे. खोक्याच्या अंगावर लांबून वाचता येईल एवढ्या अक्षरांत छापलं होतं: 'चालकाचं वजन ११५ ते १२५ किलो.'

दुपारपर्यंत सगळं गाव पाव घेऊन गेलं. थेल्माबाईंच्या पेटीत त्या दिवशी पडलेल्या झाडून सगळ्या चिठ्ठ्यांवर एकच आकडा होता, एकशे वीस.

"सत्यानाश!" थेल्माबाई माझ्या ओसरीवर येऊन म्हणाल्या, जणू मीच जाऊन छापून आलो होतो. "सगळ्यांचं उत्तर एक! गॉर्डनने असं कधी केलं नव्हतं."

"गॉर्डनला कधी स्प्रिंग बसवली होती?" मी म्हणालो.

पण बाई हरणाऱ्यातल्या नव्हेत. त्यांनी जाहीर केलं, की वजन आजचं धरायचं नाही, त्या दिवशीचं धरायचं. तेही दुपारच्या जेवणानंतर. प्रदर्शनाला अजून अवकाश आहे, माणूस म्हणजे काही दगड नव्हे. ज्याला वाटेल त्याने दुसरी चिठ्ठी टाकावी. टाकल्या. निम्म्या गावाने एकशे वीसच्या वर लिहिलं, निम्म्याने खाली. आणि त्या क्षणापासून मी माणूस उरलो नाही, रस्सीखेचीतला दोर झालो.

वरच्या पक्षाने सुरुवात केली. सकाळी दार उघडलं की पायरीवर लॅमिंग्टन केकची परात. पबमध्ये गेलो तर न मागता मटण भरलेला मीट-पाय समोर येई, वर टोमॅटो सॉस. ज्या बायांनी मला वर्षानुवर्षं ओळख दिली नव्हती त्या क्रीम लावलेला पावलोव्हा केक घेऊन फाटकात हाका मारू लागल्या. खालच्या पक्षाचा पुढारी होता लिंडसे. तो पहाटे येऊन माझ्या मोटारीची किल्ली लपवायचा आणि म्हणायचा, "चल गड्या, पायी जाऊ. हवा बघ कशी आहे." मला चालवत चालवत कालव्यापर्यंत न्यायचा. वाटेत कोणी मीट-पाय पुढे केला की झडप घालून आधी स्वतः अर्धा खायचा. "तुझ्यासाठी करतोय हे," तोंडात कोंबत म्हणायचा. "दोस्त कशाला असतात?"

पण या सगळ्यात माझ्या जिवाला जो घोर लागला होता तो कोणाच्याच गावी नव्हता. स्प्रिंगा आल्या होत्या त्या माझ्या डार्कोने मोजलं त्या दिवशीच्या वजनाच्या! वरचे जिंकले तर गाडी पुन्हा टेकणार आणि मिरवणूक जाणार. खालचे जिंकले तर गाडी ताठ राहून मला भर मैदानात काकाकुव्यांकडे पाठवणार. मला ना वाढायचं होतं ना घटायचं होतं. सगळ्या गावात होतो तसाच राहू इच्छिणारा मी एकटाच.

मर्लने यात लक्ष घातलं. तिचा संताप वेगळाच होता. "माझ्या नवऱ्याला बाहेरचं खायला घालतात! माझं स्वयंपाकघर काय बंद पडलंय?" तरुणपणी ती लोकर कातरणाऱ्यांच्या टोळीला रांधायची, चाळीस माणसांची पोटं तिने एका झाऱ्यावर सांभाळलेली. नव्या स्प्रिंगा बसवल्यावर तिने मला शेडमध्ये पूर्ण पोशाखात गाडीवर बसवलं आणि सीटच्या मागच्या कडेला जुळवून भिंतीवर खडूची रेघ मारली.

"रोज इथं येऊन बसायचं. सीट रेघेच्या खाली गेली, तर भोपळ्याचं सूप. वर राहिली, तर पुडिंग."

"अगं, पण हे ठरावाविरुद्ध—"

"मी ठरावाला बांधील नाही. मी फक्त रेघेकडे बघणार."

असे ते दिवस गेले. चिडायचं कशाला, मजा होती! उठल्यापासून छातीत ढोल वाजायचा. आज सूप की पुडिंग? पहाटे कालवा, सकाळी लॅमिंग्टन, संध्याकाळी रेघ. एकदा मी रेघेच्या दोन बोटं खाली निघालो आणि नुसत्या सूपवर झोपलो. दुसऱ्या दिवशी लिंडसेने असं पळवलं की बोटभर वर निघालो आणि मर्लने कस्टर्ड घातलेलं पुडिंग वाढलं. तेव्हा ते खाताना जे सुख झालं, तसं सुख वजनाची पर्वा न करता खाणाऱ्याला कधी मिळत नाही.

प्रदर्शनाचा दिवस उजाडला. ऊन लख्ख, बँड सुरू. मला दोरीने आखलेल्या चौकोनात उभं केलं होतं, डावीकडे बोकड, उजवीकडच्या टेबलावर स्पर्धेतला राक्षसी भोपळा. लोक फेऱ्या मारत होते. "जरा वळा हो," असं एका अनोळखी बाईने सांगितलं आणि मी वळलो. जेवण झाल्यावर वजन. त्यावर पुन्हा वाद, की कातडी कोटासकट करायचं की काढून? थेल्माबाईंनी निकाल दिला, "मेंढीचं लोकरीसकट करतो ना? मग याचं कोटासकट."

पिंजऱ्याचं दार माझ्यामागे खटकन लागलं. काटा डुलला. अख्खं मैदान पंजांवर उभं राहिलं. लिंडसेने डोळे मिटले होते.

"एकशे तेवीस पूर्णांक पाच!" थेल्माबाई गरजल्या.

वरच्यांनी लिहिलं होतं एकशे तीस, पस्तीस, एका भाविकाने दीडशे. खालच्यांनी एकशे बारा, दहा. नेमकं एकशे साडेतेवीस लिहिणारं गावात एकच माणूस निघालं, नव्वदी गाठलेल्या जॉलीआजी. त्यांना पुढे आणून बक्षिसाचं अर्ध्या कोकराचं मटण हातात दिलं.

"आजी, क्लॅरीचं वजन एवढं अचूक ओळखलंत कसं?"

"कोण क्लॅरी?" आजी म्हणाल्या. "मी त्या भोपळ्याचं लिहिलं होतं."

भोपळा एकशे दहाचा निघाला. मी त्याच्याकडे पुन्हा पाहिलं नाही.

पण मला आता शोक करायला वेळ नव्हता. मिरवणूक! फाटकाबाहेर चाळीस गाड्या धडधडत उभ्या होत्या. मी पुढे जाऊन बसलो. सीट ओळखीच्या जागी आली. माझ्या मागेच लिंडसे त्याच्या सडपातळ गाडीवर. थेल्माबाई उंचवट्याशी गुडघ्यावर बसल्या होत्या, गाल जमिनीला लावून, डोळा माझ्या मडगार्डवर. अग्निशमन दलाने सँडविचं खाली ठेवली. मी हात वर केला.

पुढचं चाक चढलं. मागचं चढलं. गाडी मागून अशी सावकाश, अदबीने बसली आणि उठली, जशी जुन्या काळची बाई पाहुण्याला बसा म्हणताना किंचित वाकते. टेकली नाही! घासली नाही! "नाही टेकली!" थेल्माबाई ओरडल्या आणि मैदान दणाणलं. मी हात वर, छाती पुढे, मान ताठ ठेवून निघालो. मागं वळून बघितलं नाही. पुढारी मागं बघत नसतो.

टाळ्या वाढतच गेल्या. पहिल्या वळणावर लोक उभे राहिले. दुसऱ्या वळणावर टोप्या उडाल्या, शिट्ट्या झाल्या, एका बाईने हसता हसता डोळे पुसले. एवढं प्रेम मला गावाने आजवर दाखवलं नव्हतं. मी दोन्ही बाजूंना वाकून स्वीकारत पुरी फेरी मारली आणि फाटकाशी परत आलो तेव्हा कळलं, की मैदानात मी एकटाच होतो.

उंचवट्याच्या माथ्यावर लिंडसेची गाडी बूड टेकून बसली होती. टायर मडगार्डमध्ये रुतलेलं, धूर, वर पाण्याची धार. आणि त्याच्यामागे अडतीस गाड्या अडकलेल्या. मला आलेले मीट-पाय, पावलोव्हे आणि लॅमिंग्टन अर्ध्याने ज्याच्या पोटात गेले, तो खांब आता खांब राहिला नव्हता. नीट पाहिलं तर कोटाची दोन बटणं लागत नव्हती. त्याच्या काटकुळ्या गाडीच्या स्प्रिंगांनी तीस वर्षांत असं काही पाहिलंच नव्हतं.

सगळे माझ्याकडे बघत होते. लिंडसे कोणाकडेच बघत नव्हता. भिजलेला माणूस कसा दिसतो ते मला आतून ठाऊक होतं.

"उतर," मी म्हणालो.

"जा तू पुढे. मी ढकलत आणतो."

"लिंडसे, लेका, उतर आणि माझ्यामागे बस."

त्याची गाडी बाजूला ओढली. तो मागे बसला, माझ्या पोटाला मिठी मारली; हात पुढे पोचेनात म्हणून कोटाचे खिसे धरले. थेल्माबाईंकडे मी पाहिलं.

"एकदा टेकली नाही, तेवढं मी पाहिलंय," त्या म्हणाल्या आणि मुद्दाम बँडकडे तोंड करून उभ्या राहिल्या. "दुसऱ्या वेळेबद्दल कमिटीचा ठराव नाही."

मी हात वर केला. चाळीसातल्या एकोणचाळीस गाड्या धडधडल्या. आम्ही उंचवटा चढलो, उतरलो, आणि दोघांच्या भाराने मागून जे बसलो ते दणदणीत बसलो. टायर घासलं, धूर निघाला, नळी सुटली, आणि त्या पाण्यात, त्या आवाजात, सगळ्या मिरवणुकीच्या पुढे जात असताना माझा दोस्त माझ्या कानाशी जीव तोडून ओरडत होता,

"क्लॅरी! तुला सांगितलं असतं मी! एक नंबर जास्तीची स्प्रिंग घ्यायला हवी होतीस!"